ताशी शंभर मैल, दर मैलास ऐंशी रुपये

गाडीला दारं चार होती. त्यांपैकी तीन आतून-बाहेरून उघडत, आणि मागचं डावं फक्त बाहेरून. काचा सहा, त्यांतली एक तडकलेली. चाकं चार आणि डिकीत एक जादा. पाचही टायरांची नक्षी वेगवेगळी. समोर घड्याळासारख्या तबकड्या पाच, पैकी चालू दोन. वेग दाखवणारा काटा वीसवर थांबलेला असे, गाडी उभी असतानाही आणि धावत असतानाही. मागच्या लाल कातडी गादीवर डाव्या बाजूला एक खोलगट जागा होती, कारण मालक नेहमी डावीकडे बसत. छताला आतून लावलेल्या कापडावर पाण्याचे डाग तीन. डिकीत हत्यारांची पिशवी एक, विलायती माहितीपुस्तक एक (पानं एकशे बारा, त्यांतली एकोणीस वाळवीने खाल्लेली), आणि साधारण मूठभर तूरडाळ.

ही यादी मी पाच जानेवारी एकोणीसशे पंचाहत्तर रोजी बद्रीनाथशेठच्या दालमिलच्या शेडमध्ये केली. मला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. होऊन सहा महिने झाले होते आणि मी जालन्याच्या एका हायस्कुलात विज्ञानाची हंगामी शिक्षिका होते. कुठलीही गोष्ट ठरवण्याआधी मोजून घ्यावी असं माझं मत होतं. अजूनही आहे. फक्त काय मोजतो आहोत हे आधी पाहावं, ही दुरुस्ती मी त्या महिन्यात त्यात केली.

ही गाडी माझे वडील, म्हणजे अण्णा, विकत घेणार होते. अण्णांनी शेठकडे चौदा वर्षं हीच गाडी चालवली. शेठने ती हैदराबादच्या कुणा जहागीरदाराकडून आणली होती. गाडीच्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही. पुढे जे घडलं त्यात कंपनीचा वाटा किती आणि आमचा किती, हे मी मोजलेलं नाही. एवढंच सांगते की ती नुसती ने-आण करायची गाडी नव्हती. ती पळायची गाडी होती. एकसष्ट साली शहागडच्या रस्त्यावर ती ताशी शंभर मैलांनी गेली होती, असं अण्णा सांगत. तेव्हा काटा चालू होता, आणि साक्षीदार म्हणून मागे शेठ होते. शेठ म्हणत, मी डोळे मिटून बसलो होतो, पण शंभरच असतील.

अण्णा डिसेंबरात रिटायर झाले. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून नऊ हजार रुपये हातात आले. हे नऊ हजार आईच्या मते स्लॅबचे होते. आमच्या घरावर पत्रे होते, आणि मागच्या पावसाळ्यात ते अकरा ठिकाणी गळत होते. आईकडे भांडी नऊ. दोन ठिकाणी ती परातीचा कोन साधून भागवत असे. गवंड्याने स्लॅबचा अंदाज चार हजार सांगितला होता. म्हणजे गाडी पाच हजारांच्या आत आली तर दोन्ही होणार होतं, आणि पाचाच्या वर गेली तर परात पुन्हा कामाला लागणार होती. प्रश्न इतका सरळ होता.

शेठने मात्र आठ हजार सांगितले.

"कडूबा, बाहेरचा अस्ता तर बारा म्हनलो अस्तो. तुला आठ."

"आठ कसे काय शेठ?" मी विचारलं.

"शंभर मैल पळते ताशी. मैलाला ऐंशी रुपये धर. बराबर आठ हजार. बिलकुल सायन्स हाय बाई, तुमच्या कालिजातलं."

खरं सांगायचं तर मला हे आवडलं. किंमत आणि मोजता येणारी राशी यांचा असा थेट संबंध जोडणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. मी म्हणाले, "पण शंभर भरले नाहीत तर?"

"तर भरतील तितक्याचेच दे."

"आणि जास्त भरले तर?"

शेठ माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिले. "मंग जास्तीचे दे," ते म्हणाले.

हा दुसरा प्रश्न मीच विचारला होता. कुणी विचारायला लावला नव्हता.

मग गल्लीत चर्चा सुरू झाली. आमच्या शेजारी रामराव राहत, रिटायर झालेले तलाठी. जगातली प्रत्येक गोष्ट एकतर नोंदलेली आहे किंवा झालेलीच नाही, असं ते मानत. "कागद दोन असले की नंतरचा खरा," हे त्यांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते; आमच्या मांजराला दुसऱ्यांदा पिल्लं झाली तेव्हाही त्यांनी ते म्हटलं होतं. ते संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले.

"कडूबा, तुला समजून राह्यलं का? शेठनं एका हातानं फंड देल्ला, दुसऱ्या हातानं वापस घेऊन राह्यला."

"गाडी देतोय की," अण्णा म्हणाले.

"पळायची गाडी! अरे पळायचं तर दोन दारं पुरतात. चार दारं कशाला? आन पेट्रोलचा भाव पाह्यला का? वरीसभरात डबल झाला."

रामरावांच्या पत्नी तुळजाबाई आमच्या उंबऱ्यावर गव्हाचं सूप घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आन पळून जायचं कुटं? राजूरला? यष्टी जातीच की तासाभरात."

मीही हिशोब केला. जालना गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच मैल धरलं, तर ताशी शंभर मैलांनी ते दीड मिनिटात संपतं. वाटेत बाजार, म्हशी आणि नदीवरचा पूल धरलेला नाही. मी हा आकडा सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "गाव संपलं तर संपलं. पुढं रस्ता हाय ना."

आई आतून म्हणाली, "माझ्या पत्र्याला किती मैल लागतात, ते बी काढ जरा."

अण्णांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की चौदा वर्षं ज्या गाडीचं दार आपण दुसऱ्यासाठी उघडलं, तिचं दार एकदा आपल्यासाठी उघडावं. हे ते असं बोलले नाहीत. ते म्हणाले, "गाडी चांगली हाय." पण दिवसातून चार वेळा म्हणाले.

शेवटी कागद झाला. रामरावांनीच तिकीट लावून लिहिला: 'गाडीचा वेग सत्यशीलाबाई स्वतः मोजतील, व ताशी जितके मैल भरतील तितक्या मैलांस प्रत्येकी ऐंशी रुपये देऊन कडूबा यांनी गाडी घ्यावी व बद्रीनाथशेठ यांनी द्यावी. उभयतांस मान्य.' खाली उभयतांच्या सह्या, पंच म्हणून रामरावांची, आणि मोजणार म्हणून माझी. आईची सही कुणी मागितली नाही.

आता मोजायचं कसं? काटा मेलेला. म्हणून मी दगड ते दगड वेळ घ्यायची ठरवली. शाळेतून खेळांचं स्टॉपवॉच मागितलं. हेडमास्तर म्हणाले, गेल्या वर्षी त्याची काच गेली होती, म्हणून लेखी अर्ज द्या. वस्तू कोणत्या प्रयोगासाठी हवी तेही लिहा. मी 'रेषीय गतीचा अभ्यास' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं.

पुढची पायरी म्हणजे दगडांवर तरी विश्वास का ठेवायचा? राजूरच्या रस्त्याला गावाबाहेरचे पहिले दगड मी सायकलने तपासले. अठ्ठावीस इंची चाक, त्याला लाल फडकं बांधलं, आणि दगड एक ते दगड दोन फेरे मोजले. हिशोबाने सातशे वीस यायला हवेत. सातशे एकोणीस आले. म्हणजे दगड मैलाचेच होते, आणि चूक हजारात दीडहून कमी. मी समाधानाने परत आले. वाटेत एका म्हातारबाने विचारलं, "पोरी, सायकलला काय झालंय, फडकं बांधून ढकलून राह्यली?" मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "दवाखान्यात दाखव."

दिवस ठरला पंधरा जानेवारी, संक्रांतीचा दुसरा दिवस. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. तुळजाबाई हादरल्या. "कर हाय! करीला कुनी गाडी काढतं का?" आम्ही बौद्ध; आमच्याकडे संक्रांतही नसते आणि करही नसते. पण तुळजाबाईंनी तोड काढली. त्या स्वतः सोबत येणार, राजूरच्या गणपतीचं दर्शन घेणार, म्हणजे करीचा दोष जाणार. रामराव पंच म्हणून येणारच होते. आई म्हणाली, "मी बी येते. माझा स्लॅब कितीनं पळतो ते पाह्यते."

सकाळी साडेसातला आम्ही निघालो. अण्णा चालवायला, मी शेजारी वही आणि स्टॉपवॉच घेऊन, मागे रामराव, तुळजाबाई आणि आई. मागचं डावं दार आतून उघडत नाही हे कळल्यावर रामरावांनी मधली जागा मागून घेतली.

गावाजवळच्या दगडांपाशी बैलगाड्यांची गर्दी होती. त्यामुळे खरी चाचणी मी सहाव्या दगडानंतर घ्यायची ठरवली. तिथे रस्ता सरळ आणि मोकळा होता. दगडही छान होते, ताजे, पिवळ्या डोक्याचे. फक्त त्यांच्यावर अजून आकडे घातलेले नव्हते. मी मनात म्हटलं, बरं झालं, आकड्यांची गरजच नाही, अंतर समान असलं की पुरे.

"अण्णा, आता."

अण्णांनी पाय दाबला. गाडीचा आवाज आधी वाढला, आणि मग कमी झाल्यासारखा वाटला, कारण तुळजाबाईंचा आवाज वाढला. त्यांनी गणपतीची जितकी नावं येत होती तितकी घेतली आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. रामरावांची टोपी खिडकीतून गेली. पहिला टप्पा चौतीस पूर्णांक चार सेकंद. दुसरा चौतीस पूर्णांक आठ. तिसरा चौतीस पूर्णांक सहा. सरासरी काढली. एक मैल, चौतीस पूर्णांक सहा सेकंदांत. म्हणजे ताशी एकशे चार मैल.

"अण्णा, एकशे चार!"

अण्णांनी गाडी हळू केली. त्यांना आनंद झालेला दिसला नाही. "काही तरी चुकलं, माय," ते म्हणाले. "माझ्या पायाला पासष्टाच्या वर वाटलं न्हाई."

"अण्णा, पाय हे उपकरण नाही."

"उपकरन नसंल. पन चौदा वर्षं तेच वापरलं."

मी त्यांना समजावलं की माणसाला वेगाची जाणीव होत नाही, वेगातल्या बदलाची होते. शिवाय सवयीने संवेदना बोथट होतात. तीन मोजमापं जुळली आहेत, मग शंकेला जागा कुठे? अण्णा मान हलवत राहिले. आई मागून म्हणाली, "एकशे चार गुनिले ऐंशी किती होतात?" मी उत्तर दिलं. आठ हजार तीनशे वीस. स्लॅबला उरले सहाशे ऐंशी.

राजूरला रामराव खाली उतरले आणि पहिली पाच मिनिटं एका खांबाला धरून उभे राहिले. मग त्यांनी माझ्याकडून वेगाचा कागद सहीसह मागून घेतला. "मी हा शेठला नेऊन देतो. यष्टीनं," ते म्हणाले. "आन ही बी यष्टीनंच येईल." तुळजाबाई दर्शन घेऊन आल्या, आम्हाला प्रसाद दिला. आईने खोबरं खोबरं म्हणून खाल्लं. नवरा-बायको यष्टीने गेले, आणि माझी सही त्यांच्यासोबत गेली.

परतताना, राजूरपासून बरंच पुढे आल्यावर, गाडीतून जळक्या रबरासारखा वास आला. इंजिन गर्जत होतं, पण गाडी जागची हलेना. "क्लच प्लेट गेली," अण्णा म्हणाले. चौदा वर्षांत पहिल्यांदाच गेली होती. एकसष्टनंतर तिला इतकं पळवलंही त्या दिवशीच होतं.

रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग होते, म्हणजे जवळपास रस्त्याच्या कामावरची माणसं असणार. गाडीपाशी आई-अण्णांना ठेवून मी पुढे चालत निघाले. नुसतं चालण्यापेक्षा पावलं मोजावीत म्हणून वाटेतल्या पहिल्या पिवळ्या दगडापासून मोजू लागले. माझं पाऊल पंचाहत्तर सेंटिमीटरचं आहे. कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये ते मी शंभर वेळा टाकून पाहिलं होतं. मैलाला दोन हजार एकशे सेहेचाळीस पावलं व्हायला हवीत. एक हजार तीनशे चाळीसाव्या पावलाला पुढचा पिवळा दगड आला.

मी त्या दगडाकडे पाहत उभी राहिले. मग मोजणीत चूक झाली असेल म्हणून पुढच्या दगडापर्यंत पुन्हा मोजलं. एक हजार तीनशे एकतीस.

त्या दुसऱ्या दगडावर एक माणूस बिडी ओढत बसला होता. हा कचरू, रस्त्याच्या टोळीचा मुकादम. मी त्याला विचारलं, "दादा, हे दगड कशाचे?"

"दगडाचेच की, बाई."

"तसं नाही. मैलाचे का?"

"मैलाचे न्हाईत. किलोमीटर हायेत. दिवाळीत मीच गाडले. सहाव्या मैलापस्तोर जुने ठिवलेत, तिथं अजून आर्डर न्हाई आली."

"मग आकडे का नाहीत?"

"पेंटरचं टेंडर पास व्हायचंय."

मी रस्त्याच्या कडेला बसले आणि हिशोब केला. एक किलोमीटर चौतीस पूर्णांक सहा सेकंदांत. ताशी एकशे चार किलोमीटर. म्हणजे ताशी चौसष्ट पूर्णांक सहा मैल. अण्णांच्या पायाची चूक अर्ध्या मैलाहून कमी होती. माझी चूक एकसष्ट टक्के. मी जिथे तपासलं तिथे दगड जुने होते, आणि जिथे मोजलं तिथे नवे. नमुना एकीकडून घ्यायचा आणि प्रयोग दुसरीकडे करायचा, ही चूक आठवीतल्या मुलाने केली तर मी त्याला वर्गात उभं करते.

कचरूने खडीच्या गाड्यांना जुंपलेले बैल सोडून आणले, दोन जोड्या. गाडीला चौफेर फिरून पाहिलं. एका चाकाला जनावराच्या मांडीवर मारावी तशी थाप मारली.

"हीच का ती पळायची गाडी? जालन्यात आयकलं शंभर पळती."

"पळते," अण्णा म्हणाले. "आज बसली."

दोर बांधले. मी अण्णांना दगडांचं सांगितलं. ते हसले नाहीत, रागावले नाहीत. फक्त आपल्या उजव्या पायाकडे एकदा पाहिलं. आता स्टिअरिंगला कुणी बसायचं हा प्रश्न आला. अण्णा पुढचं दार उघडायला निघाले, तेव्हा आई म्हणाली, "पोरगी धरंल चाक. बैलाच्या चालीनं काय धरायचंय? तुम्ही बसा मागं. चौदा वर्षांची हौस हाय न्हवं?"

अण्णांनी नाही-होय केलं. मग आईनेच मागचं डावं दार बाहेरून उघडून धरलं, आणि अण्णा त्या खोलगट जागेत बसले. दुसऱ्या बाजूने आई बसली. मी स्टिअरिंगला. पुढे चार बैल आणि कचरू.

आरशात मला अण्णा दिसत होते. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. आधी मांडीवर ठेवले, मग खिडकीवर, मग पुढे वाकून म्हणाले, "डावीकडं घे, खड्डा हाय."

"मला दिसतोय, अण्णा."

"मला न्हाई दिसत. मागून नुसतं तुझं डोकं दिसतं."

आई छताकडे पाहत होती. तिने बोटाने एक डाग दाबून पाहिला. "हे बी गळतं का हो?"

अण्णा म्हणाले, "थोडं. शेठ छत्री घेऊन बसायचे."

"मंग आपलं घरच बरं. तिथं परात तरी ठिवता येती."

रस्त्याने जाणारी माणसं थांबून पाहत होती. राजूरला निघालेल्या एका ट्रॅक्टरमधून कुणीतरी ओरडलं, "मालक, पेट्रोल महाग झालं का?" अण्णांनी काच वर करायचा प्रयत्न केला. त्या बाजूची काच वर होत नाही, हे यादीत लिहायचं मी विसरले होते.

जुने आकडे असलेले दगड सुरू झाल्यावर मी म्हणाले, मोजून घेऊ. माझे हात चाकावर, म्हणून स्टॉपवॉच आईकडे दिलं. अण्णांनी खिडकीतून चौथा दगड पाहिला आणि "हं" म्हणाले. आईने बटण दाबलं. दुसऱ्या दगडापाशी पुन्हा "हं", पुन्हा बटण. दोन मैल, पन्नास मिनिटं. बैल दम खायला थांबले तेव्हा मी ते वहीत तारीख-वेळेसह लिहिलं आणि खाली सही केली. ही निव्वळ सवय होती.

जालन्यात पोचलो तोवर एकशे चारची बातमी आमच्या आधी पोचली होती. शेठने मिलमध्ये पेढे वाटले होते. दुसऱ्या दिवशी शाळेत हेडमास्तरांनी मला बोलावून विचारलं की रेषीय गतीचा अभ्यास पूर्ण झाला का. मी चुकीची दुरुस्ती लिहून शेठकडे नेली. त्यांनी ती वाचली नाही.

"बाई, सही तुमची का?"

"माझीच. पण दगड किलोमीटरचे आहेत."

"बी.एस्सी.च्या सहीवर मी पेढे वाटलो. आता न्हाई जमत. क्लचचा खर्चा मात्र कडूबाचा नको, तो मी करतो. माझं मन तेवढं मोठं हाय."

रामराव म्हणाले, पंच म्हणून मी दुरुस्ती मानीन, पण सरकारी दाखला आण. म्हणून मी रस्त्यांचं काम पाहणाऱ्या ऑफिसात गेले. पहिल्या दिवशी संबंधित कारकून रजेवर होता. दुसऱ्या दिवशी कारकून होता, रजिस्टर नव्हतं. तिसऱ्या दिवशी दोघंही होते. कारकुनाने रजिस्टर उघडून सांगितलं, "त्या रस्त्यावर मैलच आहेत. किलोमीटर प्रस्तावित आहेत."

"पण दगड बसवलेत."

"आकडे घातल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. काम पूर्ण नाही म्हणजे दगड बसवलेले नाहीत."

"मी त्यांतल्या एकाशेजारी बसून आलेय."

"असेल. पण आमच्याकडे नाही."

आणि त्यांनी मला शिक्का मारून दाखला दिला: 'जालना–राजूर रस्त्यावर आजमितीस मैलाचेच दगड अस्तित्वात आहेत.' मी जे सिद्ध करायला गेले होते त्याच्या नेमकं उलट, आणि गोल शिक्क्यासह.

रविवारी शेठच्या गादीवर सगळे बसलो. रामरावांनी दाखला दोनदा वाचला आणि माझ्याकडे वाईट वाटल्यासारखं पाहिलं. "कडूबा, मी काय करू? सरकार म्हनतं मैल. म्हंजे एकशे चारच. आठ हजार तीनशे वीस."

अण्णांनी खिशात हात घातला. तिथे पासबुक होतं. मी खाली पाहत होते. पत्र्यातून गळणारी अकरा ठिकाणं मला तोंडपाठ होती, आणि त्यांवरचा स्लॅब मीच घालवला होता.

तेव्हा आई म्हणाली, "भाऊसाहेब, मी दाबलेलं बटन कुन्या कागदावर हाय?"

"कोनतं बटन, वैनी?"

"बैलाचं. सत्यशीलानं लिहिलंय. सही हाय. दगड मैलाचेच हायेत, सरकार म्हनतं."

मी वही काढली. चौथा दगड ते दुसरा दगड, दोन मैल, पन्नास मिनिटं. ताशी दोन पूर्णांक चार मैल. रामरावांनी करारनामा पुन्हा वाचला. 'सत्यशीलाबाई स्वतः मोजतील' असं होतं. इंजिनाने की बैलाने, हे नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी चाळीस वर्षं नोकरी केलेल्या कुठल्याच माणसाच्या चेहऱ्यावर पुन्हा पाहिलं नाही.

"तुम्हीच म्हनता ना," आई म्हणाली, "कागद दोन असले की?"

"नंतरचा खरा," रामराव म्हणाले. त्यांना ते म्हणावंच लागलं. "ताशी दोन पूर्णांक चार. मैलाला ऐंशी. एकशे ब्याण्णव रुपये."

शेठ उठून उभे राहिले. "एकशे ब्याण्णवला शेळी येत न्हाई!"

"शेठ, सही तुमची का?" आईने विचारलं. मग पदराची गाठ सोडत अण्णांना म्हणाली, "घ्या. भिशीचे दोनशे हायेत माझ्याकडं. स्लॅबला हात न लावता गाडी येती."

सगळे अण्णांकडे पाहू लागले. गाडी समोर शेडमध्ये उभी होती. अण्णा तिच्याकडे पाहत राहिले, आणि मग त्यांनी आईची मूठ बंद केली.

"नको," ते म्हणाले. "चालवायची हौस होती, ती चौदा वर्षं फिटली. मालकाची हौस होती, ती त्या दिवशी चार तासांत फिटली. मागून काय दिसतं? डोकं. शेठ, तुम्ही इतकी वर्षं माझं डोकं पाहून राह्यले, मला वाईट वाटलं."

शेठ बसले. मग त्यांनी करारनामा उचलून चार तुकडे केले आणि म्हणाले, "कडूबा, दर रविवारी येऊन चालू करून जात जा तिला. बॅटरी बसती." अण्णा हो म्हणाले. पुढे ते जातही असत.

स्लॅब मार्चमध्ये टाकला. अण्णांनी गवंड्याला दर घमेल्यामागे सूचना केल्या, आणि गवंड्याने एकही ऐकली नाही. वर मातीचे वाफे करून पाणी साठवलं. खालचं सेंटरिंग, म्हणजे आधाराच्या फळ्या आणि बल्ल्या, निघाल्यावरही आणखी सात दिवस पाणी ठेवायचं होतं. पहिल्याच दिवशी आईने, पूर्वी जिथे सगळ्यांत जास्त गळायचं तिथे, बरोबर खाली पातेलं मांडलं आणि मला म्हणाली, "मोज आता. आन कशात मोजलं ते बी लिही."

सातव्या दिवशी मी मोजलं. वर उभं पाणी: दोन इंच, म्हणजे पाच पूर्णांक एक सेंटिमीटर. पातेल्यात जमा झालेलं पाणी: शून्य औंस, शून्य मिलिलिटर.